भाताच्या पेशीचा नकाशा अजून हातानेच काढायचा?

खाचर: प्लांट रिअ‍ॅक्टोम ज्यांनी उघडलेलं नाही त्यांच्यासाठी: पेशीत कुठलं एन्झाइम कशाचं काय करतं, त्याचा हा ऑनलाइन नकाशा. पाया भाताचा. जाणकार माणसं शोधनिबंध वाचून एकेक अभिक्रिया पुराव्यासकट भरतात, मग जनुकांच्या साधर्म्यावरून संगणक तोच नकाशा इतर पिकांवर बसवतो. माझं म्हणणं, हे हाताने भरणं आता बंद करा. नकाशातल्या एकेका बाणासाठी, म्हणजे एकेका अभिक्रियेसाठी, माणूस अडकवायला पैसा आहे कुणाकडे? अरॅबिडॉप्सिस या प्रयोगशाळेतल्या लाडक्या रोपट्याच्या 'टेअर' या माहितीसाठ्याचा सरकारी निधी आटला आणि २०१३ पासून ते वर्गणीवर चाललंय. जीनोम वाचून एन्झाइमचं काम यंत्र सांगतंच की.

हळकुंड: यंत्राला विचारा, भातात हळदीसारखी रंगद्रव्यं बनतात का? बिनदिक्कत 'हो' म्हणेल. २००७ मध्ये जपानी संशोधकांनी भातातलं एक एन्झाइम दाखवलं, जे परीक्षानळीत एकट्याने कर्क्युमिनॉइड, म्हणजे हळदीतली पिवळी रंगद्रव्यं, बनवतं. हळदीत त्याच कामाला दोन प्रकारची एन्झाइमं लागतात! पण भाताच्या रोपात ती रंगद्रव्यं आढळत नाहीत. आपल्याकडे भात पिवळा होतो तो फोडणीत. 'नळीत होतं' आणि 'रोपात होतं' यातला फरक पाळायला निबंध वाचणारं कुणीतरी लागतंच.

खाचर: उदाहरण झकास. पण एका हळदीवरून सगळ्या पिकांचं काम अडवायचं का? चुकलं तर नंतर दुरुस्त करू.

बांडी: नंतर कोण करतंय? उसाचं घ्या. कर्बवायू पकडायचा पानाच्या एका पेशीत, साखरेकडे न्यायचा शेजारच्या पेशीत. यातला रासायनिक मार्ग हॅच आणि स्लॅक या शास्त्रज्ञांनी १९६६ मध्ये उसावरच मांडला. त्यातली एन्झाइमं भातातही आहेत, फक्त दुसऱ्या कामाला. नुसती जनुकं जुळवत बसलात तर भातही ऊस ठरेल.

मावळचा: हाताने काढलेल्या नकाशाचं एवढं कौतुक नको. तो निप्पोनबारे या जपानी वाणावर बेतलेला. आमचा आंबेमोहोर त्यात कुठंय? कुकरची शिट्टी झाली की जिन्यापर्यंत येणारा तो वास २-असिटाइल-१-पायरोलीन या रसायनाचा. आणि तो येतो एन्झाइम *बिघडल्यामुळे*! २००५ मध्ये कळलं की बऱ्याच सुवासिक तांदळांत ते एन्झाइम बनवणाऱ्या बीएडीएच२ या जनुकातली डीएनएची आठ अक्षरं गळालेली असतात. जनुक धड असलं की वासाचा कच्चा माल भलतीकडे वळतो. निप्पोनबारेत ते धड आहे. म्हणजे तुमच्या जाणकारांनी बिनवासाचा तांदूळ घेऊन त्याला 'भात' म्हटलंय.

हळकुंड: हे मात्र बरोबर. पण गळलेली अक्षरं यंत्राला दिसली, तरी त्यांचा वासाशी संबंध कुणीतरी दाणे हुंगून, रसायन मोजूनच लावला ना?

खाचर: दाणे हुंगणाऱ्यांना माझा विरोध नाहीच. त्यांनी मोजलेलं पुन्हा हाताने टंकत बसण्याला आहे.

मावळचा: मग वाणवार नकाशे करा. टंकेना का कुणीही.