बॉडी बदलू की २००-५०० लेन्स घेऊ? (निकॉन डी५६००, फक्त पक्ष्यांसाठी)

पाणथळवाट:
नमस्कार मंडळी. माझ्याकडे निकॉन डी५६०० आहे आणि त्यावर एएफ-पी ७०-३०० लेन्स, डीएक्सवाली (म्हणजे लहान सेन्सरच्या बॉडीसाठीची). फोटो म्हणजे जवळजवळ सगळे पक्षीच, राहायला पुण्यात त्यामुळे हिवाळ्यात भिगवण, एरवी पाषाण तलाव नाहीतर सिंहगड व्हॅली, आणि पावसाळ्यात जमलं तर चिपळूणकडे तिबोटी खंड्यासाठी. आता लाखभर रुपये साठलेत आणि त्यात एकच काहीतरी होतंय. एकतर २००-५०० एफ ५.६, नाहीतर निकॉनच्याच मिररलेस झेड५०-२ ची बॉडी अधिक एफटीझेड अडॅप्टर, म्हणजे आहे तीच लेन्स त्यावर चालेल. दुकानदार म्हणतो माझ्यासारख्या आरशावाल्या डीएसएलआरचा जमाना गेला, बॉडीच घ्या, आणि भिगवणला बोटीत सोबत असणारे सगळे म्हणतात लेन्स घे. माझी अडचण अशी की उडणारा रोहित (फ्लेमिंगो) क्रॉप केला की पंखाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जेमतेम ९०० पिक्सेल उरतात, गुलाबी पिसं वेगळी दिसतच नाहीत. आणि नदी सुरय (रिव्हर टर्न) तर बहुतेक सगळे आउट ऑफ फोकस. एकदा पैसे घातले की पुढची काही वर्षं मोठी खरेदी होणार नाही, म्हणून नीट विचारतोय.

घाटमाथा:
लेन्स घ्या, डोळे झाकून. ३०० वरून ५०० ला गेलात की त्याच जागेवरून पक्षी १.६७ पट मोठा पडतो, म्हणजे तुमचा ९०० पिक्सेलचा रोहित १५०० चा होतो, आणि क्षेत्रफळ धरलं तर पावणेतीन पट पिक्सेल पक्ष्यावर येतात. आता उलट बघा, झेड५०-२ चा सेन्सर २०.९ मेगापिक्सेलचा आणि तुमचा २४.२ चा, दोन्ही डीएक्सच. म्हणजे तीच ७०-३०० नव्या बॉडीवर लावली तर पक्षी आत्तापेक्षा थोड्या कमीच पिक्सेलचा मिळणार. लांबचा पक्षी जवळ आणायचं काम बॉडी करत नाही हो. शिवाय तुमची लेन्स ३०० ला एफ ६.३ होते, ही ५०० ला सुद्धा ५.६ च राहते, आणि आकडा लहान तितका उजेड जास्त. फरक थोडासाच पण भिगवणला उजाडताना बोट निघते तेव्हा तेवढाही कामाला येतो.
डीएसएलआर गेलं म्हणून लेन्स वाया जाईल ही भीती काढून टाका, उद्या झेड घेतला तरी एफटीझेडवर २००-५०० चा ऑटोफोकस व्यवस्थित चालतो.

किलबिल:
घाटमाथांचं रोहितबद्दल पटलं, सुरयबद्दल नाही. सुरय कसा चुकतोय ते आधी बघायला हवं. पाणथळवाट, एखादा बिघडलेला फोटो १०० टक्के मोठा करून बघा. सगळंच फरफटल्यासारखं दिसतंय का, की दुसरं काहीतरी शार्प आहे? शटर किती होतं?

पाणथळवाट:
ताई, आत्ताच बघितले. शटर १/२०००. सुरय मऊ, चोचीची कड सुद्धा नाही, पण मागच्या पाण्यावरची एकेक लाट कडक शार्प आलीये. बऱ्याच फोटोंत हेच आहे.

किलबिल:
मग शटर ठीक आहे, फोकस पाण्यावर जातोय. डी५६०० ला ३९ फोकस पॉइंट आणि त्यातले मधले ९ च क्रॉस टाइप, म्हणजे आडव्या-उभ्या दोन्ही रेषा पकडणारे, त्यामुळे सुरय पाण्यालगत उडायला लागला की चमचमणाऱ्या लाटांचा कॉन्ट्रास्ट कॅमेऱ्याला जास्त ओढतो. इथे झेड५०-२ खरंच कामाचा आहे, त्यात पक्षी ओळखणारा वेगळा मोड आहे आणि पॉइंट जवळजवळ पूर्ण फ्रेमभर पसरलेत. दुकानदार अगदीच खोटं बोलत नाहीये. पण पक्षी फ्रेममध्ये टिचभर असेल तर तो मोडही चाचपडतो.
तोवर एक करून बघा. एएफ-सी (सतत फोकस करत राहणारा मोड), डायनॅमिक ९ पॉइंट, मधला पॉइंट, आणि फोकस शटर बटणावरून काढून एई-एल/एएफ-एल बटणावर टाका, मेनूत आहे ते. पक्षी आकाशाच्या बॅकग्राउंडवर असतानाच पकडायचा आणि तो पाण्याकडे झुकला तरी बटण सोडायचं नाही. ऑटो आयएसओ ३२०० पर्यंत खुला ठेवा.

रानपाखरू:
मी पण लेन्सच्याच बाजूचा, पण एक महत्त्वाचं कोणी बोललं नाही. डी५६०० मध्ये एएफ फाइन ट्यून नाही. म्हणजे लेन्स आणि बॉडीचं जुळलं नाही आणि फोकस सारखा दोन बोटं पुढे किंवा मागे पडायला लागला तर कॅमेऱ्यात सुधारायची सोयच नाही. म्हणून स्वतःची बॉडी घेऊनच लेन्स बघायला जा. लांबवर बारीक अक्षरांची पाटी धरा, कॅमेरा टेकवून ठेवा, आधी व्ह्यूफाइंडरमधून फोकस करून फोटो काढा, मग लाइव्ह व्ह्यूमध्ये, म्हणजे मागच्या स्क्रीनवर बघून. लाइव्ह व्ह्यूवाला दरवेळी जास्त शार्प येत असेल तर तो पीस घेऊ नका.
सेकंडहँड बघत असाल तर मोबाईलचा टॉर्च मागून टाकून आत फंगस आहे का बघा, आपल्याकडच्या पावसाळ्यात कपाटात पडून राहिलेल्या लेन्समध्ये कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसतात. लेन्स घेतली की छोटा ड्राय कॅबिनेट घ्याच, ४०-५० टक्के आर्द्रता पुरे.
आणि वजन. २३०० ग्रॅम आहे, कॅमेऱ्याला धरून उचलू नका, लेन्सच्या कॉलरला धरा. बोटीत ट्रायपॉडचा उपयोग नाही, बोट हलली की तोही हलतो. बीन बॅग काठावर ठेवून शूट करा, कॅमेरा खाली राहतो आणि पक्षी डोळ्याच्या पातळीवर येतो, भिगवणची खरी मजा तीच आहे.

घाटमाथा:
फाइन ट्यूनचा मुद्दा एकदम बरोबर. आणि पुढे वेगवान बॉडी वाटलीच तर वापरलेला डी५०० शोधा, १५३ पॉइंट, सेकंदाला १० फ्रेम, ट्यूनही आहे, आणि हीच लेन्स थेट बसते.

किलबिल:
चिपळूणचं राहिलं. तिबोटी खंड्यासाठी यातलं काहीच जादू करणार नाही, जुलैतल्या दाट झाडीत उजेडच नसतो. बसलेला पक्षी असतो म्हणून १/१२५ ला व्हीआरच्या (लेन्समधली हाताची थरथर सावरणारी सोय) भरवशावर मिळतो. पण कळकळीने सांगते, ५०० चा उपयोग लांब राहण्यासाठी करा. मातीच्या दरडीत बीळ असतं त्याचं, तोंडासमोर माणसं ठाण मांडून बसली की चोचीत पाल धरून आईबाप फांदीवर ताटकळतात आणि पिल्लं आत उपाशी. असं चाललेलं दिसलं तर फोटो सोडून मागे या.

पाणथळवाट:
सगळ्यांचे मनापासून आभार. लेन्सच घेणार हे नक्की, पण आधी शनिवार-रविवार भाड्याने घेऊन भिगवणला माझ्या बॉडीवर लावून बघतो, पाटीची टेस्ट घरीच करेन. २००-५०० च्या बाजूला जी बटणं आहेत ती सुरयसाठी कशी ठेवू?

रानपाखरू:
फोकसची रेंज मर्यादित करणारा लिमिटर ६ मीटर ते अनंतवर, म्हणजे चुकला तरी पूर्ण रेंज फिरत बसत नाही. व्हीआर स्पोर्टवर. आणि चालताना झूम २०० ला लॉक करा, नाहीतर वजनाने नळी आपोआप बाहेर येते. नऊ-साडेनऊनंतर पाण्यावरून गरम हवा उठायला लागते, तेव्हा लांबचा पक्षी कुठल्याच लेन्सने शार्प येत नाही, त्यामुळे लेन्स चांगली की वाईट ते सकाळच्या फोटोंवरूनच ठरवा.