हॉलमधल्या टेबलाचं काय करायचं?

सेक्रेटरी, बी-३०४: सभासदहो, नमस्कार. खालच्या हॉलमधलं जुनं लाकडी टेबल डुगडुगतंय, दोन कोपऱ्यांत सनमायका सुटलाय. ते भंगारात काढावं असा प्रस्ताव रविवारच्या मीटिंगसाठी टेबल केला आहे. हरकत असेल तर शनिवारपर्यंत इथेच कळवा.

बी-५०२: सर, टेबल केला म्हणजे पुढे ढकलला ना? मग शनिवारची घाई कशाला?

सेक्रेटरी, बी-३०४: ढकलला कुठे? मांडला!

बी-५०२: इकडे अमेरिकेत 'टेबल करणे' म्हणजे विषय बाजूला ठेवणे. नोकरीच्या पहिल्याच महिन्यात याच शब्दावर आपटलो होतो. सगळे निवांत आणि मी रात्रभर जागून प्रेझेंटेशन करतोय.

बी-१०३ (गणिताच्या बाई): दोघंही बरोबर आहात. ब्रिटिश इंग्रजीत टेबल करणं म्हणजे चर्चेला घेणं, अमेरिकन इंग्रजीत लांबणीवर टाकणं. त्यापेक्षा आपलं 'पटलावर ठेवणे' बरं.

सेक्रेटरी, बी-३०४: बरं बाई. टेबल पटलावर. आता बोला.

ए-३०१: काका मी बोलतोय, बाबांचा फोन आहे. टेबल काढू नका प्लीज. आम्ही त्यावर टीटी खेळतो.

खजिनदार, ए-५०१: अरे ते टीटीचं टेबल आहे का? मधे वह्या उभ्या करून खेळता तुम्ही.

ए-३०१: माहितीये काका. खरं टेबल २.७४ मीटर लांब, १.५२५ मीटर रुंद आणि ७६ सेंटीमीटर उंच असतं. आपलं सहा बाय तीन फूट. पण उंची जवळपास तेवढीच आहे! आणि नियमाप्रमाणे ३० सेंटीमीटरवरून सोडलेला बॉल साधारण २३ पर्यंत उसळायला हवा. आम्ही पट्टी लावून बघितलं. कडेला २० येतो, मधोमध १५.

ए-१०२ (काका): शाबास. मधे १५ का, ते पण शोध.

ए-३०१: मधे फळी फुगलीये काका.

ए-१०२ (काका): फुगलेली नाही, सुटलेली आहे. तिथे हात मारून बघ, पोकळ आवाज येईल. वरचा पत्रा आणि खालचं लाकूड यांच्यात हवा शिरली की बॉलचा जोर तिथेच जिरतो. बिलियर्ड्सच्या टेबलाला कापडाखाली लाकूड नसतं, पाटीच्या दगडाचे जाड स्लॅब असतात, ते याचसाठी. दगड हवामानाने वाकत नाही आणि वजनामुळे जागचा हलत नाही.

ए-२०३ (वहिनी): माझी पण हरकत नोंदवा. कापड बेतायला घरात एवढी सपाट जागा नाही. महिन्यातून दोनदा तरी मी खाली येऊन कटिंग करते. जमिनीवर बसून केलं तर दुसऱ्या दिवशी कंबर धरते.

सी-४०२ (फिजिओ): वहिनी, त्या टेबलावर वाकूनही धरेल 🙂 उभ्याने काम करायला ते बुटकं आहे. साधा हिशेब सांगते. सरळ उभं राहायचं, हात कोपरात वाकवायचा. नाजूक काम, म्हणजे बारीक टाके किंवा घड्याळ दुरुस्ती, कोपराच्या जरा वर. हलकं काम कोपराच्या थोडं खाली. जोर लावायचं काम, रंधा मारणं वगैरे, त्याहून बरंच खाली. एकाच उंचीवर सगळं होत नाही.

ए-२०३ (वहिनी): म्हणजे माझी उंची पाच फूट आणि ह्यांची सहा, तर आमचं टेबल वेगवेगळं?

सी-४०२ (फिजिओ): खरं तर हो. बसायची टेबलं सरसकट ७२ ते ७६ सेंटीमीटर करतात. त्यात उंच माणसाचे गुडघे आपटतात आणि बुटक्याचे पाय लोंबकळतात. बुटक्याने खुर्ची वर घ्यावी आणि पायाखाली पाट ठेवावा. टेबल कापण्यापेक्षा ते सोपं. आणि लॅपटॉपवाल्यांनो, डायनिंग टेबलावर लॅपटॉप ठेवून आठ आठ तास मान खाली घालून बसू नका. एक तर स्क्रीन नीट उंचीवर येते, नाही तर कीबोर्ड. दोन्ही एकदम नाही. वेगळा कीबोर्ड घ्या.

बी-५०२: कालच मानेला शेक दिला. हा मेसेज सेव्ह केला.

सी-२०१ (ताई): ऑपरेशन थिएटरमध्ये हे भांडण रोज सोडवतो आम्ही. टेबल सर्जनच्या कोपराला लावायचं, आणि असिस्टंट बुटका असेल तर त्याच्या पायाखाली स्टूल. वर-खाली तर होतंच, शिवाय डोक्याकडे, पायाकडे, दोन्ही कुशींवर कलतं. पोटाच्या खालच्या भागाचं ऑपरेशन असलं की डोक्याची बाजू खाली करतात, म्हणजे आतडी छातीकडे सरकतात आणि सर्जनला समोर मोकळं दिसतं. या पोझिशनला ट्रेंडेलेनबर्ग या जर्मन सर्जनचं नाव आहे. पेशंट घसरू नये म्हणून पट्टे बांधायचं काम आमचं.

सी-२०१ (ताई): आणि काही टेबलांची फळी कार्बन फायबरची असते. मजबूत असून एक्स-रे आरपार जातो, फोटोत फळीची सावली येत नाही.

खजिनदार, ए-५०१: ताई, आपल्या टेबलात एक्स-रे न काढताच आरपार दिसतं.

ए-१०२ (काका): कलण्यावरून आठवलं. लांबेल, माफ करा. मी ३१ वर्षं ड्राफ्ट्समन होतो. आमचं टेबल कधी आडवं नव्हतंच. ए-शून्य म्हणजे ८४१ बाय ११८९ मिलिमीटरचा कागद. तो सपाट टेबलावर टाकला तर वरची कड इतकी लांब जाते की तिथली रेघ काढायला पोटावर झोपावं लागेल. शिवाय तिरक्या नजरेने चौकोन दबलेला दिसतो आणि हात फसतो. म्हणून बोर्ड कलता, माणूस उभा, नजर कागदाला काटकोनात. पेन्सिल ठेवली की घरंगळायची, म्हणून खिशाला किंवा कानाला. मग कम्प्युटर आले आणि एका सुट्टीत सगळे बोर्ड उचलून नेले. आम्हाला दिली चार फुटी टेबलं. पहिले सहा महिने मी उभ्यानेच माऊस चालवला. लोक हसायचे. आता ऐकतो की उभ्याने काम करायचं टेबल मुद्दाम विकत घेतात.

सी-४०२ (फिजिओ): घेतात काका, आणि मग दिवसभर उभे राहून पाय दुखवून माझ्याकडे येतात. बदलत राहावं, एवढंच.

बी-१०३ (गणिताच्या बाई): मूळ तक्रार डुगडुगण्याची होती ना? चौथ्या पायाखाली पुठ्ठ्याची घडी घालण्याआधी एक करून बघा. टेबल जागच्या जागी हळूहळू फिरवा. चारही पाय सारखे असतील आणि फरशीला पायरीसारखा तुटक चढउतार नसेल, तर चौरस टेबलाचे चारही पाय पाव फेरा पुरा व्हायच्या आत कुठे तरी टेकतातच. समोरासमोरच्या दोन पायांची एक जोडी धरा. आत्ता एक जोडी टेकलीय, दुसऱ्या जोडीत फट आहे. पाव फेरा झाला की जोड्यांची अदलाबदल होते आणि फट पहिल्या जोडीत जाते. इकडची फट तिकडे जायची तर वाटेत एकदा तरी शून्य व्हावीच लागते. आपलं टेबल लांबट आहे, पण फिरवून बघायला काय जातंय?

खजिनदार, ए-५०१: बाई, त्यापेक्षा तीन पायांचं घेऊ. तिपाई कधी डुगडुगत नाही.

बी-१०३ (गणिताच्या बाई): डुगडुगत नाही, कलंडते. दोन पायांच्या मधल्या कडेवर तुम्ही रेलून बघा.

ए-३०१: आम्ही तिघं खाली आहोत. फिरवून बघतो!

सेक्रेटरी, बी-३०४: हळू रे. फरशीवर ओरखडे नकोत.

सी-१०१ (आजी): काढायचंच असेल तर नवीन गोल घ्या. कोपरे लागत नाहीत. माझ्या नातवाच्या कपाळावर त्या टेबलाच्या कोपऱ्याची खूण आहे. तरी त्याच टेबलाखाली चादर सोडून घर करायचा लबाड.

खजिनदार, ए-५०१: आजी, गोल घेतलं तर मीटिंगमध्ये सेक्रेटरी कुठे बसणार? टोकच नाही.

बी-५०२: म्हणूनच तर गोल हवं 😄 हे भांडण फार मोठ्या लोकांनीही केलंय. व्हिएतनाम युद्ध थांबवायला पॅरिसला वाटाघाटी ठरल्या आणि १९६८च्या अखेरीला टेबलाच्या आकारावरून कित्येक आठवडे अडून बसल्या. उत्तर व्हिएतनामला गोल हवं होतं, म्हणजे त्यांच्याबरोबर आलेले दक्षिणेतले बंडखोर बरोबरीचा पक्ष दिसतील. दक्षिण व्हिएतनामला तेच नको होतं, त्यांना दोनच बाजू दिसायला हव्या होत्या. तोडगा निघाला जानेवारी १९६९ मध्ये. मधे एक गोल टेबल आणि त्याच्या समोरासमोरच्या दोन बाजूंना, जरा अंतर सोडून, दोन छोटी आयताकृती.

सेक्रेटरी, बी-३०४: आणि तोवर युद्ध चालूच?

बी-५०२: चालूच.

खजिनदार, ए-५०१: आमच्या खात्यालाही टेबल चिकटलेलं आहे बरं का. बाराव्या शतकात इंग्लंडच्या राजाचा हिशेब साधारण दहा बाय पाच फुटी टेबलावर व्हायचा. त्यावर चौकटीचं कापड अंथरायचे आणि चौकटींत सोंगट्यांसारखे काउंटर सरकवून बेरजा-वजाबाक्या करायचे. बुद्धिबळाच्या पटासारखं दिसायचं म्हणून त्या खात्याचं नावच 'एक्सचेकर' पडलं. बँक हा शब्दही सावकाराच्या बाकावरून आलेला.

ए-२०३ (वहिनी): पण लोकांना आठवतं ते टेबलाखालचंच.

खजिनदार, ए-५०१: वहिनी, आपले हिशेब ऑडिट झालेले आहेत. 🙏

सी-२०१ (ताई): टेबलाखालून सरळमार्गी कामही होतं. भूकंपात आधी खाली बसायचं, मजबूत टेबलाखाली शिरायचं आणि पाय घट्ट धरून ठेवायचा. धरला नाही तर हादऱ्याने टेबल सरकून एकीकडे जातं आणि आपण उघड्यावर.

सी-१०१ (आजी): मग आमचा नातू सगळ्यात सुरक्षित.

ए-३०१: बाई, फिरवून झालं. पूर्ण गोल फिरवलं, मग हॉलच्या दुसऱ्या टोकाला नेऊन पण बघितलं. सगळीकडे तोच पाय वर राहतो. दाराकडचा, ज्याच्यावर निळा रंग सांडलाय तो.

बी-१०३ (गणिताच्या बाई): उत्तम! मग दोष फरशीचा नाही, पायाचाच. माझी पहिलीच अट मोडली, चारही पाय सारखे नाहीत.

ए-१०२ (काका): त्या पायाशी रोज फरशी पुसायची बादली ठेवतात. पाणी चढून लाकूड खालून कुजलं असणार. बाकीचे तीन पाय मात्र कापू नका. एक जरा जास्त कापला जातो, मग दुसरा, मग परत पहिला, आणि शेवटी टेबलाचा पाट होतो. कुजलेलं टोक तासून चारही पायांना स्क्रूचे बूट ठोका. फिरवले की वर-खाली होतात. सुटलेला सनमायका उचलून, घासून परत चिकटवू. वर वजन ठेवून एक रात्र सोडायचं.

सेक्रेटरी, बी-३०४: करणार कोण?

ए-१०२ (काका): मी आहे की. दोन पोरं द्या मदतीला.

ए-२०३ (वहिनी): काका, बूट लावतायच तर माझ्यासाठी दहा-बारा सेंटीमीटर उंच होईल का?

ए-१०२ (काका): बुटाने फार तर दोन. त्याहून वर गेलं की पाय लचकणार. त्यापेक्षा पायाखाली सरकवायला लाकडाचे चार ठोकळे करून देतो, मधे खाच पाडून, म्हणजे पाय घसरणार नाही. कटिंगच्या दिवशी लावायचे, मग काढून कपाटात.

ए-३०१: आणि आमचं नेट?

खजिनदार, ए-५०१: १५.२५ सेंटीमीटरचं येतं, क्लॅम्पने बसवायचं. बघतो कुणाकडे जुनं पडलं असेल तर. पण वह्या परत दप्तरात गेल्या पाहिजेत.

सेक्रेटरी, बी-३०४: म्हणजे रविवारचा विषय मी टेबल करतो. अमेरिकन अर्थाने. 

बी-५०२: 👏

ए-१०२ (काका): मी टेप घेऊन खाली येतोय. टेबलावर कुणाचा तरी चष्मा आहे, तो आधी उचला.

ए-३०१: काका पाच मिनिटं थांबा ना, ९-७ झालंय.