राष्ट्रवाद: सिद्धान्त कोणते, प्रकार कोणते?

उपप्रश्न:
राष्ट्रवादावर हजारेक शब्दांचा निबंध लिहायचा आहे. नोट्समध्ये आदिमतावाद, आधुनिकतावाद, नागरी, वांशिक, उदारमतवादी, वसाहतविरोधी अशी सहा नावं एकाखाली एक दिली आहेत. हे सगळे 'प्रकार'च का? आणि 'फ्रान्स नागरी, जर्मनी वांशिक' एवढं लिहून भागतं का?

तळटीप:
गडबड त्या यादीतच आहे. पहिली दोन नावं सिद्धान्तांची (आदिमतावाद राष्ट्रांची मुळं प्राचीन बंधांत शोधतो, आधुनिकतावाद त्यांना आधुनिक काळाची निर्मिती मानतो), उरलेली चार प्रकारांची (नागरी म्हणजे समान नागरिकत्वावर आधारलेला, वांशिक म्हणजे वंश-संस्कृतीवर). राष्ट्रं कधी आणि कशामुळे घडली, हे सिद्धान्त सांगतो. राष्ट्रात कोणाला धरायचं आणि चळवळीला काय हवंय, हे प्रकारावरून कळतं. त्यामुळे एखादा अभ्यासक आधुनिकतावादी असूनही वांशिक राष्ट्रवादावरच लिहू शकतो. आधुनिकतावादी विचारवंत अर्नेस्ट गेल्नरचंच बघा. त्याने कल्पिलेला रुरिटानिया हा देश वांशिक राष्ट्रवादाचाच नमुना आहे, पण कारण मात्र औद्योगिकीकरणाचं दिलंय.

त्याची साखळी निबंधात पूर्ण लिहा, नुसतं नाव टाकू नका. उद्योगांना कामं बदलू शकणारी माणसं लागतात. अशा माणसांना अनोळखी माणसाशी एका प्रमाण भाषेत बोलता-लिहिता यावं लागतं. ती भाषा घराघरांतून येत नाही, शाळेतून येते. एवढी शाळा राज्यालाच झेपते. म्हणून राज्य आणि संस्कृती यांच्या सीमा जुळाव्यात ही मागणी उभी राहते. आता कच्चा दुवा: सर्बियातला उठाव १८०४चा, ग्रीसमधला १८२१चा. तिथे तेव्हा कारखाने कुठे होते? शिवाय राष्ट्रवाद उद्योगांच्या सोयीचा ठरला, म्हणजे तो त्यांच्यामुळेच आला, असं होत नाही.

दुसरा आधुनिकतावादी बेनेडिक्ट अँडरसन राष्ट्राला 'कल्पित समुदाय' म्हणतो, त्याबद्दल एकच सूचना: 'कल्पित' म्हणजे 'खोटा' नव्हे. गेल्नर 'घडवणं' आणि 'बनावट' यांत फरक करत नाही, ही अँडरसनचीच तक्रार होती. सगळ्या सभासदांना कोणी कधी भेटत नाही, तरी आपण एक आहोत ही जाणीव असते, एवढाच त्या शब्दाचा अर्थ. ती जाणीव पसरण्यात छापील भाषेच्या बाजारपेठेचा, विशेषतः वर्तमानपत्रांचा, वाटा मोठा.

दुसरीबाजू:
वर अभ्यासक अँथनी स्मिथ राहिला. आधुनिक राष्ट्राच्या मुळाशी जुन्या समूहांच्या दंतकथा, आठवणी आणि प्रतीकं असतात, असं तो म्हणतो. तो गेल्नरचाच विद्यार्थी. १९९५ साली इंग्लंडमधल्या वॉरिक विद्यापीठात दोघांचा जाहीर वाद झाला, तेव्हा गेल्नरने 'राष्ट्रांना बेंबी असते का?', म्हणजे जुन्या भूतकाळाशी खरी नाळ असते का, असं विचारलं होतं. गेल्नरचं स्वतःचं उत्तर: काहींना असते, काहींना नसते, आणि त्याने फारसं बिघडत नाही. बेंबी नसलेल्या राष्ट्राचं त्याचं उदाहरण एस्टोनियाचं. निबंधात हा वाद दोन ओळींत बसतो आणि दोन्ही बाजू स्पष्ट होतात.

फ्रान्स-जर्मनीवर मात्र थांबा. इतिहासकार हान्स कोहनने १९४४मध्ये पाश्चात्त्य (फ्रान्ससारखा) आणि पौर्वात्य (जर्मनीसारखा) राष्ट्रवाद अशी जोडी मांडली. नागरी-वांशिक हे शब्द त्या जोडीला नंतर चिकटले, ते त्याच्या तोंडी घालू नका. पुरावा द्यायचा तर नागरिकत्वाचे कायदे घ्या. फ्रान्सच्या १८८९च्या कायद्यात जन्मस्थानाला वजन होतं, जर्मनीच्या १९१३च्या कायद्यात वंशपरंपरेला. इथवर जोडी टिकते. पण २००० सालापासून जर्मनीत परदेशी पालकांच्या मुलांनाही काही अटींवर जन्माने नागरिकत्व मिळू लागलं. एका कायद्याने 'वांशिक' देश 'नागरी' झाला का? उलट, 'नागरी' फ्रान्समध्ये १७९४ सालीच क्रांतिकाळातला लोकप्रतिनिधी ग्रेग्वार याचा अहवाल बोलीभाषा नष्ट करण्याचे उपाय सुचवत होता. नागरी राष्ट्रही संस्कृतीच्या बाबतीत तटस्थ नसतं. म्हणून लेबल देशाला लावू नका, एखाद्या कायद्याला, पक्षाच्या जाहीरनाम्याला किंवा कालखंडाला लावा.

'राष्ट्र म्हणजे काय' यावरचं फ्रेंच विचारवंत अर्नेस्ट रेनाँचं १८८२चं व्याख्यानही असंच अर्धवट वापरलं जातं. 'राष्ट्र म्हणजे रोजचं सार्वमत', म्हणजे एकत्र राहण्याची लोकांची इच्छा, हे सगळे उचलतात. त्याच व्याख्यानात सामाईक आठवणींचा वारसा आणि पूर्वजांबद्दलचा आदरही आहे, ते गाळलं जातं. आणि आल्सास-लोरेन हा फ्रान्सचा सीमाप्रदेश जर्मनीकडे जाऊन तेव्हा ११च वर्षं झाली होती. तिथल्या लोकांच्या इच्छेवर भर देण्यात फ्रेंच माणसाचा हिशेब होता, हेही लिहा.

उपप्रश्न:
मग आदिमतावादी म्हणून कोणाचं नाव द्यायचं? नोट्समध्ये गीर्ट्झ आहे.

तळटीप:
द्या, पण जपून. अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ क्लिफर्ड गीर्ट्झ १९६३मध्ये म्हणतो ते इतकंच, की रक्त, भाषा, धर्म यांचे बंध लोकांना उपजत वाटतात. ते खरोखरच उपजत असतात, असा दावा तो करत नाही. बऱ्याच नोट्स हा 'वाटतात' खाऊन टाकतात.

मोजपट्टी:
एखाद्या राष्ट्रीय चळवळीचं उदाहरण तपासायला चेक इतिहासकार मिरोस्लाव ह्रोखच्या तीन पायऱ्या सोप्या पडतात. अ: मूठभर विद्वान भाषा, इतिहास, लोकगीतं गोळा करतात. ब: कार्यकर्ते प्रचाराला लागतात. क: चळवळ सर्वसामान्यांची होते. प्रत्येक पायरीसाठी निदान एक तारीख आणि एक संस्था शोधा. सापडलं नाही तर ती पायरी गृहीत धरू नका. 'ब'नंतर 'क' येतेच असं नाही, आणि का आली नाही हाच बहुतेकदा निबंधाचा खरा मुद्दा ठरतो. एक मर्यादा: ही मोजपट्टी चेक, फिन, एस्टोनियन अशा दुसऱ्यांच्या सत्तेखालच्या लहान समूहांसाठी आहे. फ्रान्स किंवा इंग्लंडला ती लावली की पायऱ्या ओढूनताणून बसवाव्या लागतात.