नागपूरच्या उन्हात 0डब्ल्यू-20 ऑइल चालेल का?

वऱ्हाडी_स्टेअरिंग: भाऊ लोक, 2021 ची पेट्रोल हॅचबॅक आहे, 1.2 लिटर, टर्बो नाही. मॅन्युअलमध्ये 0डब्ल्यू-20 दिलंय. आमचा मेकॅनिक म्हणतो हे पाण्यासारखं पातळ, मे महिन्यात 45 डिग्रीत इंजिन बसेल, 15डब्ल्यू-40 टाका. वॉरंटी संपलीये, सर्व्हिस बाहेरच करतो. काय करू?

टॅपेटप्रेमी: मॅन्युअलचंच टाका. बाहेर 45 असो की 10, इंजिन तापलं की थर्मोस्टॅट कूलंट 90 च्या आसपास धरतो आणि ऑइल 100 च्या आगेमागे राहतं. ग्रेडमधला डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंडीतला, दुसरा आकडा त्या 100 डिग्रीचाच आहे, 20 ग्रेड म्हणजे 6.9 ते 9.3 सेंटीस्टोक (जाडपणाचं माप, आकडा मोठा तितकं ऑइल जाड), 40 ग्रेड 12.5 ते 16.3. आता 40 डिग्रीला हेच 0डब्ल्यू-20 चाळीस-पंचेचाळीस सेंटीस्टोक भरतं आणि 15डब्ल्यू-40 शंभरच्या वर, म्हणजे मे महिन्यात अंगणात उभी गाडीसुद्धा ऑइलच्या हिशोबाने थंडच की! स्टार्ट मारल्यावर जाड ऑइल वर कॅमपर्यंत (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) पोचायला वेळ घेणार, व्हीव्हीटी (व्हॉल्व्ह उघडण्याची वेळ बदलणारी यंत्रणा) तर ऑइल प्रेशरवरच चालतं, त्याची बारीक छिद्रं पातळ ऑइल धरून बनवलेली. मायलेज पडेल ते वेगळंच.

घाटातला_थर्ड_गिअर: मेकॅनिकला इतकं झोडू नका, जुन्या कार्ब्युरेटरवाल्या गाड्यांत 20डब्ल्यू-50 ओतून त्यांचा हात बसलाय. मॅन्युअलमधला तापमानाचा तक्ता बघा, बऱ्याच गाड्यांना 5डब्ल्यू-30 पण चालतं म्हणून लिहिलेलं असतं. गाडी भरून घाट, हायवेला तासन्‌तास 120 असं असेल तर मी तेच टाकेन, कारण 150 डिग्रीला बेअरिंगमधली फिल्म टिकायला 20 ग्रेडला किमान 2.6 मिलिपास्कल-सेकंद (जोराच्या घर्षणातला जाडपणा) लागतं, 30 ला 2.9. तक्त्यात नसेल तर विषय संपला.

काळाधूर: बीएस6 डिझेलवाल्यांनो, तुम्ही ग्रेडच्या आधी कॅनवर सी2, सी3 (कमी राख करणाऱ्या ऑइलचे दर्जे) जे मॅन्युअलमध्ये असेल ते बघा, नाहीतर डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) राखेने भरतो आणि बिल बघून घाम फुटतो.

वऱ्हाडी_स्टेअरिंग: तक्त्यात 5डब्ल्यू-30 आहे! पण माझं सिटीतच ऑफिस-घर चालतं, मग 0डब्ल्यू-20 च घेतो. मेकॅनिककडे ड्रममधलं सुटं ऑइल आहे, स्वस्त पडतं म्हणे, घेऊ का?

टॅपेटप्रेमी: सुटं नको राव. सीलबंद कॅन स्वतः न्या, समोर उघडायला लावा आणि डिपस्टिकच्या वरच्या खुणेपुढे भरू देऊ नका, ही मंडळी उरलेलं पण ओतून टाकतात.