७:४५ वाचता येतं, पण ‘पावणेआठ’ कळत नाही

भांडुपची_आई:
लेक सात वर्षांची, दुसरीत आहे. मोबाइलवरचे ७:४५ धडाधड वाचते. पण आजी म्हणाली, “पावणेआठला बस आहे, आटप लवकर,” की नुसती बघत राहते. भिंतीवरच्या घड्याळात तीच वेळ ती ८:४५ वाचते, कारण लहान काटा आठाला टेकल्यासारखा दिसतो. रोज सकाळी यावरून रडारड.

टॅबवर घड्याळ शिकवायचं ॲप घेतलं. महिनाभर मन लावून खेळली, भरपूर तारे मिळवले. परवा शेजारी बसून बघितलं, तर त्यात मोठा काटा कितीही फिरवा, लहान काटा जागचा हलत नाही. दोन्ही वेगवेगळे लावायचे! महिनाभर मीच तिला चुकीचं शिकू दिलं, याचं फार वाईट वाटलं. काल दुपारी दीड वाजता म्हणाली, “साडेएक झाले.” स्क्रीन बंदच करू का?

परळच्या_बाई:
ताई, मी ३१ वर्षं पालिकेच्या शाळेत शिकवलं. ‘साडेएक’ म्हणाली म्हणजे साडेचा नियम तिला कळलाय, तिला रागावू नका. दीड आणि अडीच तेवढे वेगळे, ते कानावर पडून येतात.

अडचण लहान काट्याची आहे. मोठा काटा पूर्ण फेरी मारतो तेवढ्यात लहान काटा एका आकड्यावरून पुढच्या आकड्यावर जातो. ७:४५ला त्याची सातापासून आठापर्यंतची पाऊण वाट झालेली असते, पाव उरलेली. पावणे म्हणजे पाव उणे. पाव किलो, अर्धा किलो तिला वाण्याकडे माहीत असेलच, तिथून सुरुवात करा. एखाद्या जुन्या घड्याळाचा मोठा काटा काढून टाका आणि पंधरा दिवस फक्त लहान काट्यावरून विचारा: सात वाजून गेलेत का? आठ व्हायला आले का?

मुलुंडचा_बाबा:
बाईंचं पटलं. पण फोन बंद करू नका, तोच कामाला लावा. मी रविवारी सकाळी सात ते आठ फोन स्टँडवर लावून स्वयंपाकघरातल्या घड्याळाचा टाइमलॅप्स काढला. अख्खा तास मिनिटाच्या आत दिसतो. एरवी लहान काटा हलताना डोळ्यांना दिसतच नाही, इथे तो सरकताना दिसतो. मुलाच्या हातात फोन दिला. बोटाने व्हिडिओ मागे-पुढे करत तो कितीतरी वेळ बसला होता. फोन चार्जिंगला लावून एरोप्लेन मोडवर ठेवा.

गिरगावकर:
सुट्टीच्या दिवशी ओव्हल मैदानावरून राजाबाई टॉवर दाखवा. १८७८ मध्ये पूर्ण झालेला मनोरा, घड्याळ एवढं मोठं की काटे लांबूनही नीट दिसतात. आमच्या नातवाने तिथेच पहिल्यांदा स्वतःहून ‘सव्वापाच’ म्हटलं.

भांडुपची_आई:
टाइमलॅप्स केला. पहिल्यांदा एरोप्लेन मोड विसरले, फोन आला आणि सात वीसलाच तुटला. काल पूर्ण झाला. लेकीने व्हिडिओ बरोबर ७:४५वर थांबवला, स्क्रीनवर बोट ठेवलं आणि म्हणाली, “आई, हा आठावर पोचलाच नाहीये अजून. थोडा उरलाय.” मी म्हटलं, “किती उरलाय?” जरा विचार करून म्हणाली, “पाव.”

सासूबाईंना हाक मारून दाखवलं. बाई, जुनं घड्याळ माळ्यावरून काढलंय, आज त्याचा मोठा काटा काढते.