मदत हवी आहे: होगन-सॅव्हेजचं बिनसलं ते कुठून बघू?

मंडळी, WWF या कुस्ती कंपनीच्या रेसलमेनिया ५ या कार्यक्रमातली (२ एप्रिल १९८९, अटलांटिक सिटी) हल्क होगन-रँडी सॅव्हेज लढत परवा पुन्हा पाहिली. WWF चे पत्ते खेळायच्या वयात आपण सगळे होगनवाले. आता मला सॅव्हेजचंच पटतंय! दोघं तेव्हा दोस्त आणि जोडीदार, तरी रॉयल रम्बलमध्ये (रिंगबाहेर फेकला गेला तो बाद, अशी लढत) होगनने बॅड न्यूज ब्राऊनसोबत त्यालाही बाहेर फेकलं. मग फेब्रुवारीत ट्विन टॉवर्स या पहिलवान जोडीविरुद्ध लढताना सॅव्हेजची मॅनेजर एलिझाबेथ हिला लागलं, तर हा पठ्ठ्या जोडीदाराला रिंगमध्ये एकटा टाकून तिला उचलून आत घेऊन गेला. कोण चिडणार नाही?

लढतीत एलिझाबेथ दोघांनाही सावरायला जाते आणि सॅव्हेज तिलाच हाकलतो, तिथे मात्र त्याची बाजू घेता येत नाही. शेवट ठरलेलाच: कोपऱ्यावरून मारलेला एल्बो (कोपराचा घाव) खाऊनही होगन उठतो, बुटाची लाथ, लेग ड्रॉप (उडी मारून पाय अंगावर टाकणं), खेळ खल्लास.

भाच्याला हे सगळं क्रमाने दाखवायचंय. १९८७ मध्ये दोघांची दोस्ती जमली तिथपासून सुरू करू की थेट समरस्लॅम ८८ या कार्यक्रमापासून? मधलं काय गाळलं तर चालेल? आणि मित्रांचे वैरी झालेल्या आणखी दोन-तीन लढती सुचवा, ब्रेट-ओवेन हार्ट सोडून. ते सख्खे भाऊच.