मुलगा म्हणतो "बरंय की", पण छातीत घरघर असते. दम्याच्या मुलांचं तुम्ही कसं ओळखता?

अशोकचौक_आई: मुलगा नऊ वर्षांचा. रोजचा पंप स्पेसरमधून (पंपाला जोडायच्या नळकांड्यातून) नियमित देते. पण दम लागतोय का विचारलं की "बरंय की" म्हणतो, आणि दवाखान्यात नेलं की डॉक्टरांना छातीत घरघर ऐकू येते. शेजारी यंत्रमाग, त्यामुळे सुताची धूळ कायम. जानेवारीत सोलापूरच्या गड्डा जत्रेला जायचा हट्ट आहेच. त्याच्या सांगण्यावर किती विसंबायचं? श्वास किती जोरात बाहेर फुंकला जातो ते मोजणारं पीक फ्लो मीटर घेऊ का?

दोन_पंपवाली: ताई, मीटर घ्याच. लेकरू खोटं बोलत नाहीये. श्वासनळ्या हळूहळू आवळत गेल्या की तेवढ्याच श्वासाची सवय होते आणि त्रास जाणवतच नाही. अशाच मुलांना मोठा अटॅक अचानक आल्यासारखा वाटतो. माझ्या मुलीचं उलटं आहे, जरा घाबरली की "दम लागला". तिलाही मीटरनेच धीर येतो.

उभं राहून, छाती भरून श्वास घेऊन, एका झटक्यात फुंकायचं. तीनदा, त्यातला मोठा आकडा लिहायचा. तब्येत चांगली असताना दोन आठवडे सकाळ-संध्याकाळ लिहिलंत की त्याचा स्वतःचा सर्वोत्तम आकडा कळतो. त्याच्या ८० टक्क्यांवर हिरवा पट्टा, ५० ते ८० पिवळा. ५० च्या खाली लाल, म्हणजे लगेच निळा पंप (दम लागल्यावर तातडीनं घ्यायचा) आणि दवाखाना. पिवळ्यात काय करायचं ते डॉक्टरांकडून लिहूनच घ्या.

आणि फुंकण्याआधी विचारा, "किती येईल, सांग." अंदाज आणि खरा आकडा शेजारी शेजारी लिहा. मुलं हे आवडीनं करतात आणि आपला श्वास त्यांना हळूहळू नीट कळायला लागतो. मला विचाराल तर मीटरचा सगळ्यात मोठा फायदा हाच.

जुळेसोलापूरकर: मीटर हवंच, पण कंटाळून फुंकलं तर आकडा फसवतो. शर्ट काढून बघत जा हो. बरगड्यांमधली कातडी आत ओढली जाते का, गळ्याखाली खळगा पडतो का, बोलताना वाक्य तुटतं का. रात्रीचा खोकलाही मोजा. आणि घरघर थांबली, पण पोरगं मलूल पडलंय, तर तो आराम समजू नका. हवा आतच जात नसते. तिथं क्षणभरही थांबायचं नाही.

गड्ड्याला होम मैदानावर धूळ फार. त्या दिवशी आकडा हिरव्यात असेल तरच न्या, आणि निळा पंप, स्पेसर तुमच्याच पिशवीत ठेवा.

अशोकचौक_आई: दोघांचेही मनापासून आभार. धाकटी चार वर्षांची आहे, तिलाही खोकला असतो. तिलाही फुंकायला लावू का?

दोन_पंपवाली: नको. पाच-सहा वर्षांच्या आत नीट फुंकता येत नाही, आकड्यावर भरवसा नसतो. तिची छाती बघा आणि खोकला डॉक्टरांच्या कानावर घाला. मुलाचं मीटर मात्र बदलू नका, दोन मीटरचे आकडे जुळतीलच असं नाही.